न्यू जर्सीत नव्याने आलेल्यांसाठी : आधी आपलं गाव ओळखा, मग राज्य

न्यूअर्क विमानतळावरून टर्नपाइक या टोलच्या महामार्गाने एडिसनकडे निघालात की पहिले काही मैल दिसतात त्या तेलाच्या टाक्या, कंटेनरच्या चळती आणि विजेचे मनोरे. तेवढ्यात पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर ‘गार्डन स्टेट’ असं वाचायला मिळतं आणि नवा माणूस हसतो. हसू द्या. हे शब्द नंबरप्लेटवर घालायचा ठराव १९५४ साली आला, तेव्हा खुद्द गव्हर्नर रॉबर्ट मेयनर यांनीच त्याला नकार दिला होता. राज्याची ओळख बागा आणि शेतीपुरती आहे हे त्यांना पटत नव्हतं. विधिमंडळाने त्यांचा नकार बाजूला सारून ठराव मंजूर केला आणि शब्द प्लेटवर आले ते आलेच.

टर्नपाइकवरून हे राज्य कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. इथे जे जे विचित्र वाटतं, म्हणजे शेजारच्या गल्लीत वेगळा घरपट्टीचा दर किंवा रविवारी बंद असलेला मॉल, त्यामागे बहुतेक वेळा जुनं कारण असतं. ते खणत गेलात की कुठल्या तरी चिमुकल्या गावाच्या हट्टापाशी पोचता. म्हणून आधी नकाशा, मग तुमचं गाव, मग राज्याची चिन्हं आणि इतिहास, आणि शेवटी रोजचे नियम असा क्रम ठेवला आहे. सामान अजून बॅगेतच असेल तर दुसरी आणि पाचवी पायरी आधी वाचा, बाकीचं सावकाश.

पायरी १ : नकाशा डोक्यात बसवा

पूर्वेला हडसन नदी आणि अटलांटिक महासागर, पश्चिमेला डेलावेअर नदी, दक्षिणेला डेलावेअरचा उपसागर. जमिनीवरची हद्द काय ती उत्तरेला न्यूयॉर्क राज्याशी, बाकी चहूकडे पाणी. क्षेत्रफळ ८,७२२ चौरस मैल, म्हणजे आपले पुणे आणि कोल्हापूर हे दोन जिल्हे एकत्र केले तर साधारण तेवढं. त्यात २०२० च्या जनगणनेनुसार जवळपास ९३ लाख माणसं राहतात. अमेरिकेतलं सर्वांत दाट वस्तीचं राज्य हेच. राजधानी ट्रेंटन, सर्वांत मोठं शहर न्यूअर्क, त्याखालोखाल जर्सी सिटी. काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे म्हणा, २१.

ईशान्येला न्यूयॉर्क शहर आणि नैर्ऋत्येला फिलाडेल्फिया. या दोन शहरांच्या ओढीत राज्य कायम विभागलेलं आहे. खेळांतही उत्तरेचा माणूस यांकीज आणि जायंट्स या संघांचा, दक्षिणेचा फिलीज आणि ईगल्सचा. मधलं ‘सेंट्रल जर्सी’ खरंच अस्तित्वात आहे की नाही यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आला. शेवटी २०२३ साली पर्यटनाच्या नकाशासाठी का होईना, कायदा करून मध्य भागाला मान्यता द्यावी लागली. एडिसन, प्रिन्स्टन, ब्रिजवॉटर हा आपल्या मंडळींचा पट्टा त्यातच येतो, त्यामुळे आपण बिनधास्त ‘सेंट्रल’ म्हणावं.

दक्षिणेकडचा पाइन बॅरन्सचा प्रदेश नकाशावर शोधून ठेवा. वाळवंटासारखी पांढुरकी माती, पाइनची बुटकी झाडं, चहाच्या रंगाचं पाणी वाहणारे ओढे. अकरा लाख एकरांचा हा टापू १९७८ सालापासून राष्ट्रीय राखीव क्षेत्र आहे. इतक्या गर्दीच्या राज्याचा पाचवा हिस्सा असा मोकळा राहिला आहे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. त्याच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा प्रचंड साठा आहे, तो जपायचा हेही राखीव ठेवण्यामागचं एक कारण.

आणखी एक. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा न्यूयॉर्कचा, पण शेजारच्या एलिस बेटाचा बराचसा भाग न्यू जर्सीचा आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिला. पाहुण्यांना पुतळा दाखवायचा असेल तर मॅनहॅटनच्या रांगेत उभं राहू नका, जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधून त्याच बेटांना फेरी सुटते.

पायरी २ : तुमचं गाव नेमकं कोणतं?

या लेखातली सर्वांत उपयोगाची पायरी ही. न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आहेत. बरो, टाउनशिप, सिटी, टाउन आणि व्हिलेज असे त्यांचे पाच प्रकार, पण प्रकारावरून आकार मुळीच कळत नाही. एक लाखाच्या पुढे वस्ती असलेलं एडिसन टाउनशिपच आहे, आणि काही बरो इतके लहान की चालत ओलांडता येतात. राज्यातली सगळी जमीन कुठल्या ना कुठल्या नगरपालिकेत येते, ‘गावाबाहेरची’ जमीन हा प्रकारच नाही.

पत्त्यावरचं गाव आणि तुमची नगरपालिका एकच असेल असं मात्र धरून चालू नका. आयझेलिन हे टपालाचं नाव आहे, नगरपालिका वुडब्रिज टाउनशिप. ओक ट्री रोडवर समोसे घेताना तुम्ही एडिसनमध्ये आहात की वुडब्रिजमध्ये, हे पार्किंगची पावती आल्यावरच कळतं. प्रिन्स्टन जंक्शन हे स्टेशन वेस्ट विंडसरमध्ये आहे. मनमथ जंक्शन साउथ ब्रन्सविकमध्ये. ‘प्रिन्स्टन’ असा पत्ता असलेली कित्येक घरं प्रत्यक्षात प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर किंवा लॉरेन्स टाउनशिपमध्ये येतात. वॉशिंग्टन टाउनशिप नावाची तर पाच वेगवेगळी गावं पाच काउंट्यांत आहेत. वेस्ट न्यूयॉर्क नावाचं गाव न्यू जर्सीत आहे, तेही सांगून ठेवतो.

याने फरक काय पडतो? सगळाच. मुलांची शाळा, कचरा कोणत्या वारी उचलणार, रात्री रस्त्यावर गाडी लावता येते की नाही, बर्फ पडल्यावर फुटपाथ किती तासांत साफ करायचा, वाचनालयाचं कार्ड कुठे मिळणार, हे सारं गाव ठरवतं. म्हणून घर भाड्याने घेताना घरमालकाला शहराचं नाव विचारू नका. दोनच प्रश्न विचारा: नगरपालिका कोणती, आणि स्कूल डिस्ट्रिक्ट कोणता? उत्तर मिळालं तरी स्कूल डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात फोन करून घराचा पत्ता सांगा आणि खात्री करून घ्या. रस्त्याच्या या बाजूला एक शाळा आणि त्या बाजूला दुसरी, असं इथे सर्रास असतं. एजंट ‘उत्तम शाळा’ म्हणतो तेव्हा तो कुठल्या शाळेबद्दल बोलतोय ते त्यालाही नेहमी ठाऊक असतंच असं नाही.

इतकी गावं झाली कशी, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८९४ साली कायदा आला की एका टाउनशिपमधल्या सगळ्या शाळा एकाच डिस्ट्रिक्टखाली आणायच्या. पण वेगळा बरो असेल तर त्याला आपली शाळा आपल्या ताब्यात ठेवता येणार होती. झालं! दुसऱ्या वस्तीच्या शाळेसाठी आम्ही कर का भरायचा, असं म्हणत जो तो वस्तीचा तुकडा वेगळा बरो मागू लागला. एकट्या बर्गन काउंटीत त्या वर्षी २६ नवे बरो झाले. या साथीला इथले लोक आजही एखाद्या आजाराचं नाव द्यावं तसं ‘बरोआयटिस’ म्हणतात. बर्गनमध्ये आज ७० नगरपालिका आहेत. आपल्या एडिसनच्या पोटातच बघा, चहूबाजूंनी एडिसनने वेढलेलं मटचन नावाचं वेगळं गाव आहे, त्याचा महापौर वेगळा, पोलिस वेगळे, शाळा वेगळ्या.

एकत्र येणं मात्र फार अवघड. प्रिन्स्टन बरो आणि प्रिन्स्टन टाउनशिप यांचं मीलन कित्येक दशकं मतदानात हरत राहिलं आणि अखेर २०१३ च्या जानेवारीत झालं. इथली घरपट्टी देशात सर्वांत जास्त का, याचं अर्धं उत्तर यात आहे. प्रत्येक गावाला आपापले पोलिस, आपापला कारभार, आपापल्या शाळा. घरपट्टीच्या बिलात सहसा शाळेचा वाटा सर्वांत मोठा असतो. घरामागे सरासरी १० हजार डॉलरच्या आसपास वर्षाला जातात. भाडेकरू असाल तरी ते पैसे भाड्यातूनच वसूल होतात, तेव्हा हा प्रश्न आपला नाही असं समजू नका.

नगरपालिकेच्या सभा कायद्याने सगळ्यांसाठी खुल्या असतात. मतदानाचा हक्क नसला तरी मागे बसून ऐकता येतं. एकदा जाऊन या. पाऊण तास एका झाडाच्या फांदीवर चर्चा ऐकल्यावर न्यू जर्सी जेवढी कळते तेवढी कुठल्याच पुस्तकातून कळणार नाही.

पायरी ३ : चिन्हं, शाळेच्या प्रोजेक्टसाठी आणि आपल्यासाठीही

मूल चौथीच्या आसपास असेल तर न्यू जर्सीवरचं प्रोजेक्ट घरी येणारच. तेव्हा रात्री नऊ वाजता चार्टपेपर शोधण्यापेक्षा आधीच माहीत असलेलं बरं.

मुद्रा १७७७ ची. पिएर यूजीन दु सिमितिएर या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या कलाकाराने ती काढली. मध्ये निळी ढाल, तिच्यावर तीन नांगर. ढालीवर शिरस्त्राण आणि घोड्याचं डोकं. एका बाजूला काठीवर टोपी धरलेली लिबर्टी, दुसऱ्या बाजूला धान्याची देवी सेरीस, हातात फळफळावळीने भरलेलं शिंग. खाली ब्रीद: स्वातंत्र्य आणि समृद्धी. १७७६ हे सालही त्यावर आहे. ही मुद्रा फिकट बदामी कापडावर घातली की झाला झेंडा, १८९६ पासूनचा. तो बदामी रंग सैनिकांच्या गणवेशातून आला. १७७९ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी इथल्या तुकड्यांसाठी गडद निळा कोट आणि त्याला बदामी रंगाची बाजू ठरवून दिली होती.

फूल व्हायोलेट. वसंतात तुमच्या लॉनवर जी जांभळी बारीक फुलं उगवतात आणि जी तण म्हणून मारायला शेजारी औषध सुचवतो, तीच. झाड रेड ओक. कीटक मधमाशी, हा मान तिला १९७४ साली हॅमिल्टनमधल्या शाळकरी मुलांनी विधिमंडळात जाऊन मिळवून दिला. प्राणी घोडा, मासा ब्रूक ट्राउट, सरपटणाऱ्यांत हाताच्या तळव्यात मावेल एवढं बॉग टर्टल नावाचं कासव.

पक्षी गोल्डफिंच, १९३५ पासून. उन्हाळ्यात नर लिंबाच्या सालीसारखा पिवळा धमक होतो, हिवाळ्यात त्याच पक्ष्याचा रंग मातकट. त्याला अंगणात बोलवायचं तर दुकानातून ‘थिसल’ किंवा ‘नायजर’ नावाने मिळणारं काळं बारीक बी आणून टांगा. पिशवी उघडली की ओळख पटेल: हे आपले कारळे! भारतातून ते पक्ष्यांसाठीच मोठ्या प्रमाणावर येतात. उगवू नयेत म्हणून त्यांना आधी उष्णता दिलेली असते. चटणी करायचा मोह आवरा, ते माणसांच्या खाण्यासाठी निवडलेले नसतात.

फळ ब्लूबेरी, आणि याबाबतीत राज्याचा दावा पक्का आहे. रानात उगवणारी ब्लूबेरी शेतात लावता येत नाही, असाच तेव्हा समज होता. पाइन बॅरन्समधल्या व्हाइट्सबॉग इथल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी क्रॅनबेरीच्या मळ्यात काम करणाऱ्यांना सांगून ठेवलं, की रानात मोठ्या फळांची झुडपं दिसली तर आम्हाला दाखवा, पैसे देऊ. त्या झुडपांवर शास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी संकर केले आणि १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचा पहिला माल बाजारात गेला. आज जगभरच्या दुकानांत प्लास्टिकच्या डबीत मिळणारी ब्लूबेरी त्याच कामातून आलेली. जूनच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत हॅमंटनच्या बाजूला जा, स्वतः तोडून घेण्याची सोय असलेले मळे आहेत. टर्नपाइकवर हसलेल्या माणसाने तर जरूर जावं.

डायनासोर हॅड्रोसॉरस. हॅडनफील्डच्या एका शेतात मार्ल नावाची खताची माती खणताना मोठाली हाडं निघाली होती. वीस वर्षांनी, १८५८ साली, शेजारी सुट्टीला आलेल्या विल्यम फोक यांनी ती गोष्ट ऐकली आणि खड्डा पुन्हा उकरला. फिलाडेल्फियाच्या जोसेफ लीडी यांनी त्या हाडांचा अभ्यास केला आणि १८६८ मध्ये तो सांगाडा उभा केला. डायनासोरचा सांगाडा जगात उभा करून दाखवला गेला तो पहिल्यांदाच. हॅडनफील्डच्या मुख्य रस्त्यावर आज त्याचा पुतळा आहे, मुलांना हमखास आवडतो.

माझं आवडतं चिन्ह मात्र डोळ्यांना दिसत नाही. २०१९ साली न्यू जर्सीने स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जिवाणूला राज्याचा सूक्ष्मजीव म्हणून जाहीर केलं. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९४३ साली अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. क्षयावर लागू पडणारं ते पहिलं प्रतिजैविक. नोबेल मिळालं ते त्याचे प्राध्यापक सेलमन वॅक्समन यांना, १९५२ साली. शॅट्झ त्याआधीच श्रेयासाठी कोर्टात गेला होता, सहसंशोधक म्हणून त्याला मान्यता मिळाली, नोबेल नाही. मर्क कंपनीने त्याचं मोठं उत्पादन केलं आणि पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येही हे औषध बनू लागलं. घरातल्या कुणा आजोबांनी महिनोन्‌महिने सुया टोचून घेतल्याच्या गोष्टी ऐकल्या असतील, तर त्या औषधाचं मूळ एडिसनपासून दहा मिनिटांवरच्या न्यू ब्रन्सविकमधलं आहे.

राज्याचं गाणं? नाही. सर्व पन्नास राज्यांत अधिकृत गाणं कधीच न ठरवलेलं राज्य हे एकटंच. यावरही गावागावांचं एकमत झालं नाही असं म्हणायला हरकत नाही.

पायरी ४ : इतिहास, जमल्यास गाडीतून

मूळ रहिवासी लेनापे. रॅरिटन, पसेइक, हॅकेन्सॅक, होबोकन, मटचन ही नावं त्यांच्याच भाषेतून राहिली. सतराव्या शतकात डच आले, १६३८ पासून डेलावेअरकाठी स्वीडिशांनीही वसाहत केली. १६६४ साली इंग्रजांनी सगळंच घेतलं आणि ड्यूक ऑफ यॉर्कने हा मुलूख जॉन बर्कली आणि जॉर्ज कार्टरेट या दोन मित्रांना देऊन टाकला. कार्टरेट इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाचा, त्यावरून हे नाव. १६७६ मध्ये मुलखाचे पूर्व जर्सी आणि पश्चिम जर्सी असे दोन तुकडे पडले. १७०२ साली ते पुन्हा जोडले गेले खरे, पण राजधान्या दोनच राहिल्या, पर्थ अँबॉय आणि बर्लिंग्टन, आळीपाळीने. ट्रेंटन ठरलं ते १७९० साली. प्रिन्स्टनजवळ ‘प्रोव्हिन्स लाइन रोड’ अशी पाटी दिसली तर गाडी थांबवा, ती जुनी हद्द तिथूनच जात होती. यांकीज आणि फिलीजचा वाद किती जुना आहे ते लक्षात येईल.

स्वातंत्र्ययुद्धात हे राज्य अक्षरशः पायाखाली तुडवलं गेलं. १७७६ चा डिसेंबर, वॉशिंग्टनचं सैन्य हरत हरत डेलावेअरपलीकडे पेनसिल्व्हेनियात गेलेलं, अनेक सैनिकांची मुदत वर्षअखेर संपणार. नाताळच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहणारी नदी ओलांडून सुमारे २,४०० माणसं अलीकडे आली, नऊ मैल चालली आणि २६ तारखेच्या सकाळी ट्रेंटनमधल्या जर्मन भाडोत्री शिपायांवर तुटून पडली. तासाभरात खेळ खलास, नऊशेच्या आसपास कैदी. आठवड्याभराने, ३ जानेवारीला, प्रिन्स्टनलाही विजय मिळाला. टायटसव्हिलच्या वॉशिंग्टन क्रॉसिंग पार्कमध्ये ती जागा पाहता येते. दर नाताळला पलीकडून होड्या सोडून हा प्रसंग पुन्हा साकारतात, हवामानाने साथ दिली तर.

राज्यघटना मान्य करणारं हे तिसरं राज्य, १८ डिसेंबर १७८७. नागरिकांच्या हक्कांचा जाहीरनामा मान्य करणारं पहिलं, १७८९. आणि ज्याचा शाळेत पुरेसा उल्लेख होत नाही ते हे: १७७६ च्या इथल्या घटनेत ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या ‘सर्व रहिवाशां’ना मत होतं. त्यामुळे अविवाहित आणि विधवा स्त्रिया आणि काही स्वतंत्र कृष्णवर्णीय इथे खरोखर मतदान करत होते. १८०७ साली कायदा करून तो हक्क काढून घेतला गेला. स्त्रियांना तो परत मिळायला १९२० उजाडलं. गुलामगिरीबाबतही राज्याचा इतिहास असाच संकोचाचा. उत्तरेतल्या राज्यांत हे शेवटचं, १८०४ मध्ये ‘हळूहळू’ मुक्तीचा कायदा झाला, आणि १८६० च्या जनगणनेत अजूनही १८ माणसं ‘आजन्म उमेदवार’ या सभ्य नावाखाली बंधनातच होती. २००८ साली विधिमंडळाने त्याबद्दल माफी मागितली.

कारखान्यांचा इतिहास पाहायचा तर पॅटरसनला जा. अलेक्झांडर हॅमिल्टनच्या प्रेरणेने १७९१ साली इथे धबधब्याच्या ताकदीवर चालणारं उद्योगांचं शहर वसवायची योजना निघाली. ७७ फुटांचा तो धबधबा शहराच्या मधोमध आजही कोसळतो, पावसाळी दिवसांनंतर गेलात तर बघण्यासारखा. पुढे ते रेशमाचं शहर झालं, १९१३ चा मोठा संप तिथलाच. ट्रेंटनमध्ये रोबलिंगच्या कारखान्यात तारांचे दोर वळले जात. डेलावेअरच्या पुलावरची ‘ट्रेंटन बनवतं, जग घेतं’ ही मोठी अक्षरं रेल्वेतून जाताना दिसतात.

एडिसन गावाचं नाव पूर्वी रॅरिटन टाउनशिप होतं. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती, १८७७ चा फोनोग्राफ आणि १८७९ चा दिवा तिथलाच, म्हणून १९५४ मध्ये गावाने नाव बदललं. मरी हिलच्या बेल लॅब्जमध्ये १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर चालला. तुमच्या आयटीच्या नोकरीचं मूळ शोधायला कॅलिफोर्नियापर्यंत जायची गरज नाही.

इतिहास आयता हवा असेल तर टर्नपाइकवरच्या थांब्यांची नावं वाचा. क्लारा बार्टनने बॉर्डनटाउनमध्ये फुकट शाळा चालवली. कवी वॉल्ट व्हिटमन शेवटची वर्षं कॅम्डनमध्ये राहिला. मॉली पिचर ही १७७८ च्या मनमथच्या लढाईत भर उन्हात गोलंदाजांना पाणी पुरवणारी, आणि नवरा पडल्यावर तोफेपाशी उभी राहिलेली, अशी आख्यायिका आहे. ग्रोव्हर क्लीव्हलंड इथे जन्मलेला एकमेव राष्ट्राध्यक्ष. कॉफी घेताना मुलांना एकेक नाव सांगत गेलात तर प्रोजेक्टचा अर्धा भाग होतो.

आपल्या लोकांचा इतिहासही इथलाच. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर डॉक्टर, इंजिनियर आले, मग दुकानं आली, जर्सी सिटीच्या जर्नल स्क्वेअरला आणि ओक ट्री रोडला रंग चढला. तो सहज चढला नाही. १९८७ साली स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळीने जर्सी सिटीत भारतीयांना, कुंकू लावणाऱ्या बायकांना लक्ष्य केलं. त्याच वर्षी होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला. आज जिथे आपण रविवारी निवांत मिसळ खातो, तिथे जुन्या पिढीने काय सोसलं ते ठाऊक असावं. त्यांच्यातले बरेचजण अजून मराठी विश्व या इथल्या मंडळाच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगांत भेटतात, विचारलंत तर सांगतात.

पायरी ५ : रोजचे नियम

पेट्रोल स्वतः भरायचं नाही. १९४९ पासून कायद्याने बंदी आहे आणि अशी सरसकट बंदी असलेलं हे एकच राज्य उरलं आहे. गाडीतच बसा, काच खाली करा, कोणतं आणि किती ते सांगा, कार्ड द्या. दुसऱ्या राज्यातून आलेले सवयीने उतरतात आणि पंपावरचा माणूस हातवारे करत धावत येतो.

डावीकडे वळायचं असेल तर बऱ्याच मोठ्या रस्त्यांवर उजवीकडे जायचं. याला जगहँडल म्हणतात. ‘सर्व वळणं उजव्या लेनमधून’ अशी पाटी दिसली की निमूट उजवीकडे व्हा, रस्ताच तुम्हाला गोल फिरवून सिग्नलपाशी आणून सोडेल. टर्नपाइकवरच्या एक्झिटना ओळीने क्रमांक आहेत, गार्डन स्टेट पार्कवेवरचे मैलांनुसार. टोलसाठीचा इ-झीपास पहिल्याच आठवड्यात घ्या.

लायसन्सचं खातं इथे डीएमव्ही नव्हे, एमव्हीसी. दुसऱ्या राज्याचं लायसन्स असेल तर इथे राहायला आल्यापासून ६० दिवसांत, किंवा ते त्याआधी संपत असेल तर संपण्यापूर्वी, बदलून घ्यावं लागतं. भारतीय लायसन्सवरून आलेल्यांना लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा आहेत. लेखीत ५० प्रश्न, ४० बरोबर यायला हवेत. ओळखपत्रांचे ‘सहा गुण’ जमवावे लागतात, कोणत्या कागदाला किती गुण ते एमव्हीसीच्या साइटवर तपासून मगच वेळ घ्या. पत्त्याचा पुरावा विसरून परत फिरणारे रोज दिसतात.

रेल्वेत एक सापळा आहे. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या एकाच मार्गावर न्यूअर्क पेन स्टेशन आणि न्यूयॉर्क पेन स्टेशन अशी दोन स्थानकं आहेत आणि अनाउन्समेंटमध्ये दोन्ही सारखीच ऐकू येतात. न्यूयॉर्कला जाताना नदीखालचा बोगदा पार होईपर्यंत उठू नका. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बाजूला ऑफिस असेल तर मात्र न्यूअर्कलाच उतरून पाथ ही दुसरी रेल्वे पकडा. तिकीट आधी काढा, गाडीत घेतलं तर जादा पैसे पडतात.

विक्रीकर ६.६२५ टक्के, पण कपडे आणि न शिजवलेले बहुतेक खाद्यपदार्थ यांवर नाही. न्यूयॉर्कचे लोक खरेदीला इकडे येतात ते यासाठी. बर्गन काउंटीत मात्र रविवारी कपडे, फर्निचर, इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं बंद असतात. पॅरामसचे भले मोठे मॉल शनिवारी रात्री जे मिटतात ते सोमवारी उघडतात. जुन्या धार्मिक कायद्याचा हा अवशेष, लोकांनीच मत देऊन टिकवला, एक दिवस तरी रस्ते मोकळे मिळावेत म्हणून. मे २०२२ पासून दुकानात प्लास्टिकच्या पिशव्या मिळत नाहीत, मोठ्या किराणा दुकानांत कागदीही नाहीत. गाडीच्या डिकीत चार कापडी पिशव्या टाकून ठेवा.

गव्हर्नरची निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीनंतरच्या विषम वर्षी होते, विधिमंडळात सेनेटचे ४० आणि असेंब्लीचे ८० सदस्य. पुढे नागरिक झालात की हे लागेल.

आणि उन्हाळा. समुद्रकिनाऱ्याला इथे ‘शोर’ म्हणतात, ‘बीचवर चाललो’ म्हणालात की तुम्ही बाहेरचे हे ओळखतात. इथेही पुन्हा गावच मालक. बहुतेक गावांत जून ते सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत वाळूवर पाय ठेवायला बीच बॅज विकत घ्यावा लागतो, आणि एका गावाचा बॅज शेजारच्या गावात चालत नाही. हंगामाचा बॅज आगाऊ घेतला तर स्वस्त पडतो, मुलांना ठरावीक वयापर्यंत माफ असतो. फुकट हवं असेल तर वाइल्डवुड किंवा अटलांटिक सिटी. अटलांटिक सिटीचा लाकडी बोर्डवॉक १८७० सालचा, हॉटेलांत आणि आगगाडीच्या डब्यांत लोकांच्या पायांनी वाळू येऊ नये म्हणून घातलेला. कॅसिनो आले १९७८ मध्ये. २०२२ साली बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन तिथेच भरलं होतं. गर्दी आणि झगमगाट नको असेल तर अगदी दक्षिणेच्या टोकाला केप मे गाठा, शनिवारी सकाळी सातच्या आत निघालात तर पार्कवे मोकळा मिळेल, आठनंतर नाही.